गाळेधारक की गालेधारक? फोनवर मराठी टाइप करण्याच्या पद्धतींविषयी

प्रश्न लालबागच्या एका चाळ समितीच्या चिटणीस बाईंचा आहे. पुनर्विकासाचं काम सुरू झाल्यापासून सूचना, इतिवृत्तं, विकासकाला पत्रं असं सगळं त्यांना फोनवर लिहावं लागतं. करी रोडहून ठाण्याला नोकरीसाठी जाता-येता लोकलमध्ये त्या हे काम उरकतात. आजवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवत आल्या. आता कोणी म्हणतं बोलून टाइप करा, कोणी म्हणतं बोट फिरवून करा, कोणी म्हणतं देवनागरी कीबोर्ड शिका. यात सगळ्यांत वेगवान काय, आणि एकाहत्तर वर्षांच्या वडिलांच्या फोनवर काय लावून द्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देते. तुम्ही जे लिहिता त्यासाठी थेट देवनागरी कीबोर्ड शिकून घ्या. कच्चा मसुदा बोलून केलात तरी चालेल, पण दुरुस्ती देवनागरीतच करा. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची पद्धत (आमच्याकडे तिला नुसतं ‘रोमन’ म्हणतात) मैत्रिणींशी गप्पा मारण्यापुरती ठेवा. मी दादरला चोवीस वर्षं टंकलेखन शिकवते. हाताच्या मशीनवर सुरुवात केली, मग संगणक आला, आणि गेली काही वर्षं विद्यार्थी फोनच पुढे करतात. त्यामुळे हे मत मी बरीच बोटं चालताना पाहून बनवलेलं आहे.

वेग मोजताना बहुतेक लोक अक्षरं किती झपाझप पडतात ते बघतात. माझ्या मते घड्याळ थांबवायचं ते बरोबर शब्द कागदावर उभा राहिल्यावर. तुम्हीच लिहिलंय की मागच्या महिन्यात फलकावर ‘सर्व गालेधारकांनी उपस्थित राहावे’ अशी सूचना लागली आणि तळमजल्यावरच्या दोघांनी त्यावरून सभेत विषय काढला. याच शब्दाचा हिशेब करून बघू.

‘गाळेधारक’ देवनागरीत टाइप करताना ग, काना, ळ, मात्रा, ध, काना, र, क असे आठ ठोके पडतात. ळ आणि ध साठी शिफ्ट दाबावी लागली तर दहा. रोमनमध्ये जी, ए, एल, ई, डी, एच, ए, आर, ए, के अशी अक्षरंच दहा होतात. त्यानंतर कीबोर्डच्या वरच्या, शब्द सुचवणाऱ्या पट्टीत नजर न्यायची, गालेधारक, गलेधारक, गाळेधारक यांतून योग्य तो शोधायचा आणि त्यावर बोट ठेवायचं. म्हणजे ठोक्यांत काहीच वाचलं नाही, उलट एक निवड वाढली. गाडी हलत असताना घाईत पहिलाच पर्याय दाबला जातो आणि तोच पुढे फलकावर लागतो. यात दोष तुमचा नाही. रोमन लिपीत ळ नाहीच, तेव्हा कीबोर्डला अंदाज करावा लागतो, आणि ‘गाळेधारक’ हा मुंबईच्या चाळींतला शब्द त्याच्या रोजच्या वापरातला असण्याची शक्यता कमी.

रोमनचं सगळं दुखणं इथेच आहे. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड या जोड्या तिथे एकाच अक्षरात कोंबल्या जातात. ‘kal’ असं टाइप केलं, तर काल की काळ की कळ? ‘pan’ म्हणजे पण की पान? ‘vel’ म्हणजे वेळ की वेल? चालू वाक्यावरून कीबोर्ड पुष्कळदा बरोबर ओळखतो, हे मान्य. आडनावांना मात्र वाक्याचा आधार नसतो. काळे आणि काले ही दोन वेगळी घराणी आहेत, आणि पात्रता यादीत तुम्ही एकाला दुसरा केलात तर तो माणूस पुढे कागदपत्रं घेऊन हेलपाटे घालणार. त्यातून फोनवर भाषा चुकून हिंदी निवडलेली असली, तर ‘पाणी’चं ‘पानी’ होतं आणि चाळीतल्या पाणीपुरवठ्याचं पत्र वाचवत नाही. ‘ज्ञ’ची तीच गत. आपण त्याला ‘dnya’ म्हणून शोधतो, हिंदीची सवय लागलेला हात ‘gya’ टाइप करतो.

याहून मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा विचारच करावा लागत नाही. ‘manjuri’ टाइप केलं की पट्टीत जे येईल ते घ्यायचं. ठराव ‘मंजूर’ होतो तेव्हा जू दीर्घ, आणि ‘मंजुरी’ मिळते तेव्हा जु ऱ्हस्व, हे ज्याला पाठ होतं अशा माणसालाही पाच-सात वर्षं रोमनवर काढल्यावर फळ्यासमोर खडू घेऊन थांबलेलं मी पाहिलंय. चांगल्या शाळेतून मराठी शिकलेली माणसं ती. त्यांच्या हाताला निर्णय घ्यायची सवयच राहिली नव्हती. मला हे फार लागतं.

रोमन आपल्या अंगवळणी का पडलं, यालाही कारण आहे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात. देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी मर्यादा ७०वर येते, आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. वर सांगितलेला ‘गाळेधारक’ एकटाच आठ जागा खातो. एका संदेशाला पैसे पडत असताना ‘udya sabha ahe’ लिहिणंच परवडायचं. आज व्हॉट्सॲपवर ही अडचण नाही, सवय तेवढी उरली आहे.

वेगाबद्दल दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. २०१९ मध्ये आल्टो, केंब्रिज आणि ईटीएच झुरिक या विद्यापीठांच्या संशोधकांनी ३७ हजारांहून जास्त लोकांचं फोनवरचं टायपिंग तपासलं. सरासरी निघाली मिनिटाला सुमारे ३६ शब्द. दोन अंगठ्यांनी टाइप करणारे एका बोटानं टाइप करणाऱ्यांच्या पुढे होते. शब्द आपोआप दुरुस्त होण्याचा फायदा झाला, पण वरच्या पट्टीतून शब्द उचलणारे मात्र मागे पडले, कारण वाचायला आणि निवडायला वेळ जातो. ती चाचणी इंग्रजी टायपिंगची होती, आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तिथे जी गोष्ट ऐच्छिक असूनही माणसाला मागे खेचते, ती मराठी रोमनमध्ये जवळजवळ सक्तीची आहे. दर दोन-तीन शब्दांनी पट्टी वाचावीच लागते.

बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत शब्द काढण्याची पद्धत इंग्रजीत खरोखर छान चालते. मराठीसाठी ती रोमनवर वापरली तर अंदाज दोनदा होतो. बोटाच्या रेघेवरून इंग्रजी अक्षरं कुठली, हा पहिला अंदाज. त्या अक्षरांवरून मराठी शब्द कुठला, हा दुसरा. ‘येते गं’, ‘पोचले’ एवढ्यापुरती ठीक आहे. इतिवृत्तासाठी नको.

आता बोलून टाइप करणं. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलनं मराठीसह आठ भारतीय भाषांत ही सोय आणली, तेव्हा मी वर्गात ती लावून दाखवली होती आणि मुलं टाळ्या वाजवायला लागली होती. स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि बायडू ही चिनी कंपनी यांनी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात फोनवर बोलून मजकूर घालणं हे टाइप करण्याच्या जवळपास तिप्पट वेगवान निघालं, इंग्रजीत आणि चिनी मँडरिनमध्येही. मराठीत याचा एक जास्तीचा फायदा आहे आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. रोमनमध्ये जो ळ हरवतो तो आवाजात असतो. तुम्ही ‘गाळा’ म्हणता तेव्हा ळ ऐकू येतो, ‘पाणी’ म्हणता तेव्हा ण ऐकू येतो. स्वच्छ उच्चार करणाऱ्याला आवाजातून रोमनपेक्षा शुद्ध मजकूर मिळतो, असा माझा अनुभव आहे. ऱ्हस्व-दीर्घही पुष्कळदा नीट येतात, कारण यंत्र अख्खा शब्द ओळखून लिहितं.

अडचणी दुसरीकडे आहेत. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात, नाहीतर सहा वाक्यांची एकच लांब दोरी होते. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हे आकडे कसे उमटले ते प्रत्येक वेळी तपासावं लागतं. चटईक्षेत्राच्या चौरस फुटांत ही चूक चालणार नाही. आडनावं आणि चाळींची नावं घसरतात. आणि लोकल ही त्यासाठी जागाच नव्हे. माझ्या एका विद्यार्थिनीनं दारापाशी उभं राहून पत्र सांगितलं, तर अर्जाच्या मधोमध ‘पुढील स्टेशन दादर’ उतरलं होतं. चाळीच्या गॅलरीतही जपून. विकासकाला कोणत्या मुद्द्यावर अडवायचं हे तुम्ही फोनला मोठ्यानं सांगत असाल, तर ते शेजारच्या चार खोल्यांनाही कळतं. म्हणून मसुदा घरात, दार लावून, एका बैठकीत बोलून घ्या. मुद्दे कागदावर उतरवून मग बोललात तर वाक्यं सुटी आणि नीट येतात.

मग उरतो देवनागरी कीबोर्ड. यात दोन घराणी आहेत.

पहिलं वर्णमालेच्या क्रमाचं. क ख ग घ ओळीनं मांडलेले असतात, आणि काही कीबोर्डांवर व्यंजन दाबलं की वरची ओळ बदलून का कि की कु कू समोर येते. याच विचारातून पवईच्या आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या रचना विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ केलं. २०१३ मध्ये ते लोकांसमोर आलं. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती बाराखडीचं चक्र उघडतं, हव्या त्या स्वराकडे बोट सरकवून उचलायचं. आपण शाळेत बाराखडी घोकलेली असते, तीच इथे कामाला येते, नव्यानं काही पाठ करावं लागत नाही. कल्पना म्हणून मला ती आजही अतिशय आवडते.

दुसरं घराणं इन्स्क्रिप्टचं. सरकारनं १९८६ मध्ये ही मांडणी प्रमाण केली आणि १९९१ च्या भारतीय मानकातही ती आली. डावीकडे स्वरचिन्हं, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत उजव्या हाताला प र क त च ट, आणि शिफ्ट दाबली की त्याच जागांवर फ ऱ ख थ छ ठ. वरच्या ओळीत ब ह ग द ज ड. ल वर शिफ्ट दाबली की ळ मिळतो. पहिल्या दिवशी हे सगळं उगाच विस्कटल्यासारखं वाटतं. आठवडाभरानं लक्षात येतं की मराठी शब्द म्हणजे व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर अशी चाल, आणि फोन दोन्ही हातांत धरला की तीच चाल उजवा अंगठा, डावा अंगठा अशी पडते. ‘गाळेधारक’ हळूहळू टाइप करून बघा, अंगठे आलटून पालटून चालतात. संगणकावरही हीच मांडणी असल्यानं उद्या कार्यालयात टाइप करायची वेळ आली तर पुन्हा शिकावं लागत नाही. गुजराती इन्स्क्रिप्टमध्येही क च्या जागी क च असतो, आणि मुंबईत हे किती उपयोगी पडतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही इन्स्क्रिप्ट घ्या. लिखाण रोजचं आहे आणि पुढे वर्षानुवर्षं चालणार आहे, त्याला हीच मांडणी पुरते. फोनच्या अरुंद पडद्यावर काही अक्षरं लपलेली असतात, ती जवळचं अक्षर दाबून धरल्यावर मिळतात. पहिल्याच दिवशी प्रत्येक कळ दाबून धरून खाली काय दडलंय ते बघून ठेवा.

दोन-तीन ठिकाणी हात अडतो, ते आधीच सांगून ठेवते. जोडाक्षरासाठी पहिल्या व्यंजनानंतर पाय मोडायचा, म्हणजे हलन्त द्यायचा, मग दुसरं व्यंजन. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण टाइप करायची अक्षरानंतर. जुन्या मशीनवर ती आधी मारायचे, त्यामुळे जुने टंकलेखक इथे हमखास चुकतात. रफाराचं याच्या उलट: दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण र आणि हलन्त आधी द्यायचे.

आणि ‘दुसऱ्या’. हा शब्द चिटणिसाला रोज लागतो: दुसऱ्या मजल्यावरील, अधिकाऱ्यांना, पायऱ्यांची दुरुस्ती. साधा र, हलन्त आणि य दिलात तर ‘दुसर्या’ असा रफार चढतो, आणि ते चूक आहे. इथे नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टमध्ये हा ऱ र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. हा बारीकसा फरक अर्थ फिरवतो. तुमच्या उत्सव मंडळाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांचे मानधन’ म्हणजे महाप्रसाद रांधणाऱ्यांचं, आणि ‘आचार्यांचे मानधन’ लिहिलंत तर ते गुरुजींच्या नावावर पडलं.

‘ॲड.’ लिहिताना ॲ हे एकच अक्षर घ्या. अ टाइप करून त्यावर चंद्र दिला तरी डोळ्यांना तेच दिसतं, पण फोनच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं असतात. अर्ध्या यादीत एक आणि अर्ध्या यादीत दुसरं पडलं की नंतर ‘ॲड’ शोधल्यावर निम्मेच वकील सापडतात. ‘दुःख’मधला विसर्गही असाच. अपूर्णविरामाच्या दोन टिंबांनी काम भागवू नका. ‘दुःखद निधन’ची सूचना लावताना ती टिंबं ओळीच्या शेवटी तुटतात आणि शब्द दुभंगतो. शोकाच्या कागदावर ते फार वाईट दिसतं.

शिकायचं कसं, तर सकाळी तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेनं जाता, करी रोडला स्लो गाडीत बहुधा बसायला मिळत असेल. कुर्ला येईपर्यंतचा वेळ पुरे. पहिला आठवडा फक्त व्यंजनं आणि काना-मात्रा, तुमच्याच चाळीतल्या भाडेकरूंची नावं टाइप करा. दुसऱ्या आठवड्यात जोडाक्षरं आणि रफार. तिसऱ्यात मागच्या सभेचं इतिवृत्त समोर ठेवून जसंच्या तसं उतरवा. या काळात फोनवरून रोमन कीबोर्ड काढून टाका. तो राहिला तर अडलं की हात तिकडेच जाणार. पहिले दहा दिवस तुम्ही आजच्यापेक्षा हळू असाल आणि चिडचिड होईल. माझ्याकडे सोडून गेलेले बहुतेक जण याच दहा दिवसांत गेले. जे थांबले त्यांच्यातलं कोणी परत रोमनकडे गेल्याचं मला आठवत नाही.

वेग वाढवणारी एक सोय बहुतेक कीबोर्डांच्या सेटिंग्जमध्ये असते आणि तिकडे कोणी फिरकत नाही: वैयक्तिक शब्दकोश. तिथे छोटा संक्षेप आणि त्याचा पूर्ण मजकूर भरून ठेवता येतो. पत्रात ‘स.न.वि.वि.’ लिहायची आपली जुनी रीत आहेच, तीच इथे चालवायची. ‘विसस’ टाइप केलं की ‘विशेष सर्वसाधारण सभा’ सुचवलं जाईल. उपकरप्राप्त इमारत, चटईक्षेत्र, संक्रमण शिबिर, समितीचं पूर्ण नाव, चाळीचा पत्ता, सगळी आडनावं अचूक वर्तनीत एकदाच बसून भरा. एका रविवारचं काम आहे. ही नावं एकदा त्यात शिरली की सुचवण्याची पट्टीही तुमच्या चाळीची भाषा बोलायला लागते.

दुरुस्तीसाठीही एक गोष्ट. देवनागरीत मागे खोडताना बहुतेक वेळा अख्खं अक्षर जात नाही, एकेक चिन्ह जातं. ‘त्री’चा ‘त्रि’ करायचा तर एकदाच खोडा, फक्त वेलांटी जाईल, मग पहिली द्या. पूर्ण शब्द खोडून पुन्हा लिहिणारे खूप वेळ घालवतात. आणि स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर सरकतो, ही सोय पुष्कळ कीबोर्डांत आहे. गाडीच्या हेलकाव्यात दोन अक्षरांच्या मधोमध नेमकं बोट ठेवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं जातं.

वडिलांसाठी आवाज. या वयात मांडणी पाठ करायला लावू नका. त्यांना निरोप पाठवायचे असतात, आणि त्या पिढीचे ळ-ण आपल्यापेक्षा स्वच्छ असतात. मायक्रोफोनची भाषा मराठी भारत अशी लावून द्या, अक्षरांचा आकार मोठा करा, आणि हिंदी कीबोर्ड यादीतून काढून टाका म्हणजे चुकून बदलणार नाही. बोलताना मध्ये थांबलं की ऐकणं बंद होतं, तेव्हा एका दमात एक वाक्य बोलायला सांगा. बोललेलं दुरुस्त करायला वर्णमालेच्या क्रमाचा कीबोर्ड द्या, किंवा त्यांच्या फोनवर चालत असेल तर स्वरचक्र. काही कीबोर्डांवर बोटानं अक्षर गिरवून लिहिण्याची पाटीही असते. ज्यांचं अक्षर वळणदार आहे त्यांना ती आवडते, फक्त लांब मजकुरात बोट दुखतं. पहिले चार-पाच दिवस त्यांनी पाठवलेल्या निरोपात जे शब्द चुकतील ते तुम्ही स्वतः त्यांच्या शब्दकोशात भरा. नातवंडांची नावं त्यात आधी घाला, सगळ्यांत जास्त तीच लिहिली जातात.